जरा जास्तच व्हिनेगर

नाताळात सुनेने दिलेली बाटली सोलांजने त्याच दिवशी कपाटाच्या माथ्यावर टाकून दिली होती. बाटली काचेची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची. अंगावर दोन रेघा. खालच्या रेघेपर्यंत व्हिनेगर, वरच्या रेघेपर्यंत तेल, चमचाभर वाटलेली मोहरी, चिमूटभर मीठ, झाकण लावायचं आणि हलवायची. झालं सॅलडचं ड्रेसिंग.

"तुम्हाला सोपं पडेल, सोलांज," कोरीन म्हणाली होती.

सोलांजने सुनेचे गोड तोंडाने आभार मानले. मग पाहुणे गेल्यावर शेजारच्या रेमोंदला बोलावून ती बाटली दाखवली. "बघ गं बाई. अवघड पडतंय म्हणून मी हिच्याकडे रडत गेले होते का? आणि ड्रेसिंग म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे, बाटली हलवून घ्यायला?"

तिच्या घरात ड्रेसिंग व्हायचं ते सॅलडच्या वाडग्याच्या तळाशी. आधी घरच्या बरणीतलं व्हिनेगर, त्यात मीठ, कारण तेलात मीठ विरघळत नाही. मग मोहरी, आणि मग अक्रोडाचं तेल बारीक धारेने, लाकडी चमच्याने ढवळत ढवळत. माप कसलंच नाही. शेवटी सॅलडचं एक पान त्यात बुडवून तोंडात टाकायचं, क्षणभर डोळे मिटायचे, आणि काय कमी आहे ते ठरवायचं. सासूने तिला शिकवलं नव्हतं, नुसतं बघू दिलं होतं. तिनेही कुणाला शिकवलं नाही. सून बघायलाच उभी राहिली नाही.

रविवारी मुलगा आणि सून पेरिग्यू शहरातून जेवायला यायचे. मांसाच्या ताटल्या उचलल्या की वाडगा टेबलावर यायचा, सोलांज उभी राहून पानं वरखाली करायची, आणि पहिला घास खाऊन कोरीन न चुकता म्हणायची, "व्हिनेगर जरा जास्तच झालंय, नाही?" सोलांजही न चुकता उत्तर द्यायची. कधी, "शहरात जिभा पातळ होतात म्हणे." कधी, "तुझ्यासाठी साखर आणू का?" नवरा फेर्नां होता तोवर टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावायचा. मुलगा तिएरी ताटलीत बघत राहायचा. लग्न होऊन आल्यापासून कोरीनने या घरातल्या सॅलडला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. सोलांज तिच्या नावाने बोटं मोडायची. पण कोरीन एखाद्या रविवारी आली नाही, तर जेवण अळणी वाटायचं, हेही खरं.

फेब्रुवारीत सोलांजला ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, चीज म्हणजे ओला साबण. आंबट-खारट तेवढं जिभेला लांबून कळायचं, बंद दाराआड कुणीतरी बोलावं तसं. डॉक्टर म्हणाला, वाट बघा, कुणाचं परत येतं, कुणाचं नाही. तिने वाट पाहिली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. एप्रिलमध्ये अंदाजाने केलेल्या ड्रेसिंगमध्ये मोहरी इतकी पडली, की तिएरीला ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने सोलांज हसली.

जूनमध्ये मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. स्ट्रॉबेरीचा मुरंबा शेगडीवर ठेवून ती बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. पातेलं जळून काळं झालं, धूर अंगणात गेला, रेमोंद धावत आली आणि तिने गॅस बंद केला. सोलांज शेंगाच सोलत होती.

"डुलकी लागली," असं तिने तिएरीला सांगितलं. डुलकी म्हातारीला शोभते. नाक गेलं म्हटलं असतं, तर त्याने दुसऱ्या दिवशीच तिचं सामान बांधलं असतं.

तरीही तो म्हणालाच, "आई, पुन्हा असं काही झालं, तर मी तुझं ऐकणार नाही. पेरिग्यूत एक चांगलं घर आहे. तुझ्या वयाची माणसं आहेत, चोवीस तास कुणीतरी असतं."

"माझ्या वयाची माणसं मला आवडत नाहीत," सोलांज म्हणाली.

त्या दिवसापासून तिने कंबर कसली. प्रत्येक भांड्याला गजराचं घड्याळ. झोपण्याआधी शेगडीची बटणं एकेक हाताने चाचपायची. आणि एके दिवशी ती स्टुलावर चढली आणि कपाटाच्या माथ्यावरची ती बाटली तिने खाली काढली.

बाटली धुताना तिला स्वतःचाच राग येत होता. पण रेघा बघून तेल-व्हिनेगर ओतलं, हलवलं, आणि बाटलीतलं पाणीदार पिवळं बघता बघता दाट, एकजीव झालं. हाताला कष्ट नाहीत, जिभेचं काम नाही. तिने रेमोंदला सहज म्हणून जेवायला बोलावलं. रेमोंदने दोनदा सॅलड घेतलं आणि बोलत राहिली ती आपल्या गुडघ्यांबद्दल.

"सॅलड कसंय?" सोलांजला शेवटी विचारावंच लागलं.

"कसं म्हणजे? नेहमीसारखं," रेमोंद म्हणाली.

सोलांजचा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात तिने कोरीनचे खरेखुरे आभार मानले, अर्थात कोरीनला ते कधी कळणार नाही या अटीवर.

मग तिने आणखी सोपं केलं. एका ट्रेमध्ये ती बाटली, मोहरी, मीठ, व्हिनेगर आणि अक्रोडाचं तेल असं सगळं मांडून ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. दरवेळी तेलासाठी तळघराच्या पायऱ्या उतरायला नकोत. तेल जानेवारीत घाण्यावरून आणलेलं, फेर्नांच्या झाडांच्या अक्रोडांचं. ऑगस्ट आला. खिडकीची लाकडी फळी हाताला चटका देऊ लागली. रेमोंद लेकीकडे बोर्दोला गेली, तिएरी आणि कोरीन सुट्टीला समुद्रावर. सोलांज ओतण्याआधी तेलाची बाटली नाकाशी न्यायची. या गावात हुंगल्याशिवाय तेल कुणी ओततच नाही, हाताला ती सवयच असते. ती हुंगायची, तिला काही कळायचं नाही, आणि ती ओतायची.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिएरीचा फोन आला. त्या घरात एक खोली रिकामी झाली होती, हवीय की नको ते सोमवारी कळवायचं होतं. "रविवारी येतोय. नीट बोलू, आई."

"या. कोंबडी करते," सोलांज म्हणाली. सगळं त्या एका जेवणावर होतं. जेवण बिनचूक झालं, तर मुलाच्या तोंडून शब्द निघणं अवघड होतं. तिएरीला भरल्या पोटी कधी कठोर होता आलेलं नाही, बापावर गेलेला.

रविवारी ती पहाटेपासून उभी होती. खरबुजं कापली, कोंबडी घड्याळ लावून भाजली, दर थोड्या वेळाने ओव्हनचं दार उघडून रंग बघितला. बाटली हलवली, ड्रेसिंग वाडग्यात ओतलं, त्यावर लाकडी चमचे आडवे ठेवून वरून पानं रचली, म्हणजे ती आधीच भिजून मरगळायला नकोत. बाटली धुऊन, पुसून कपाटात लपवली.

कोरीन आल्या आल्या पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. सोलांज दारातून डोळ्यांत तेल घालून बघत होती. सून शेगडीकडे बघत होती, सासू सुनेकडे. शेगडी लखलखीत होती. "फारच नीटनेटकं ठेवलंय," कोरीन म्हणाली.

"तुला वाटलं, डुकरं बांधली असतील?"

कोरीन हसली. सगळं नेहमीच्या वाटेने चाललं होतं. खरबूज गोड निघालं, असं ते दोघं म्हणाले. कोंबडीची कातडी कुरकुरीत होती, हे सोलांजला दातांनी कळलं. तिएरीने पाव रश्शात बुडवून ताटली पुसून खाल्ली. खोलीचा विषय कुणी काढला नाही. सोलांजने वाडगा आणला, उभी राहून पानं वरखाली केली, एकही पान बाहेर पडू दिलं नाही, आणि सगळ्यांना वाढलं.

तिएरीने पहिला घास घेतला आणि त्याचं चावणं थांबलं. त्याने कोरीनकडे पाहिलं. मग पुन्हा चावू लागला, सावकाश, आणि वाइनचा मोठा घोट घेतला. कोरीनने एक पान दुमडून तोंडात घातलं. तिचा चेहरा हलला नाही. तिने ते गिळलं, ओठ टिपले.

सोलांज काट्यावर पान धरून वाट बघत होती. उत्तर जिभेवर तयार होतं.

"फार छान झालंय, सोलांज," कोरीन म्हणाली. "अजून थोडं घेऊ?" आणि तिने ताटली पुढे केली.

सोलांजला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, इतका झाला, की वाढताना दोन पानं टेबलावर पडली. इतक्या वर्षांनी का होईना, जिंकलो आपण. तिने ताटली भरून दिली. कोरीन खाऊ लागली, एकेक पान, मान खाली घालून, मुलं औषध घेतात तशी. तिएरीनेही आपलं संपवलं. खिडकीबाहेर गांधीलमाश्या पिकल्या अंजिरांवर घोंघावत होत्या.

"व्हिनेगर जास्त नाही ना झालं?" सोलांजने विचारलं.

"नाही, नाही. अगदी बेताचं."

"तिएरी?"

"छान आहे, आई." त्याने वर पाहिलं नाही.

तेव्हा तिला कळलं. काय बिघडलंय ते नाही, पण बिघडलंय हे. कोरीन या घरात खोटं बोलत नाही. नाकाने कांदे सोलेल, तोंडावर बोलेल, पण फेर्नांच्या आजारपणातही तिने कधी गोड खोटं सांगितलं नव्हतं. सोलांजने स्वतःच्या ताटलीतलं पान खाल्लं. ओलं, थंड, थोडं आंबट. बाकी काही नाही.

"चीज आणते," म्हणून ती उठली. स्वयंपाकघरात खिडकीपाशी गेली. तेलाची बाटली उन्हात उभी होती. तिने हात लावला. काच कोमट होती, बाळाच्या दुधाची बाटली लागते तितकी. तळघर, अंधार, थंड दगडी फरशी, तेल उन्हात ठेवलं की बसणारा सासूचा ओरडा, सगळं तिला एकदम आठवलं. तिने झाकण काढून बाटली नाकाशी धरली आणि श्वास ओढला, छाती भरून. पुन्हा ओढला. तेलाचा थेंब नाकाला लागला, पण वास आला नाही.

मागे कोरीन उभी होती. ताटल्या घेऊन आली होती.

"खवट झालंय?" सोलांजने तिच्याकडे न बघता विचारलं.

कोरीन हातातल्या ताटल्या नीट रचू लागली.

"मी तुला विचारतेय, कोरीन."

"खूप," कोरीन म्हणाली. "कधीपासून वास येत नाही तुम्हाला?"

"त्या तापापासून."

"म्हणजे तो मुरंबा..."

"जागी होते मी. शेंगा सोलत होते."

कोरीनने ताटल्या ओट्यावर ठेवल्या. "गॅस काढून विजेची शेगडी बसवता येईल," ती घाईघाईने म्हणाली. "मी तिएरीशी बोलते. धूर झाला की वाजणारी यंत्रं मिळतात. तुम्हाला इथे राहणं सोपं होईल असं काहीतरी..."

"सोपं," सोलांज म्हणाली.

ती सगळ्याचा विचार करून बसली होती, उन्हाळाभर. शेगडी बदलेल. पण हिवाळ्यात धुराडं तुंबलं तर? शिळं मांस, नासलेलं दूध? त्यालाही माणसं सापडतील. तिला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटत होती, आणि ती आजच, त्या टेबलाशी, पहिल्यांदा वाटली. सडकं समोर ठेवलं, तरी ही माणसं खाणार आणि छान म्हणणार. जिला नाक नाही, तिला इतरांच्या तोंडून खरं कळावं लागतं, आणि आता ते कळायचं बंद झालं होतं. त्यांना तिची दया येऊ लागली होती.

"दुसऱ्यांदा कशाला घेतलंस?" तिने विचारलं. तिचा आवाज चिरका झाला. "एकदा गिळलंस ते गिळलंस. पुन्हा ताटली कशाला पुढे केलीस? मला काय भिकारीण समजलीस?"

"मला सुचलं नाही," कोरीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. मला काही सुचलंच नाही, सोलांज."

सोलांजने तेलाची बाटली मोरीत उपडी केली. फेर्नांच्या अक्रोडांचं तेल हळूहळू, घट्ट धारेने खाली गेलं. संपेपर्यंत दोघी बघत उभ्या राहिल्या. बाहेर तिएरी खुर्ची सरकवत होता, आत यावं की नाही याच्या विचारात असावा.

"त्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे?" सोलांजने विचारलं.

"बागेकडे. पण आज ठरवलंच पाहिजे असं..."

"तुम्ही बघून आलात ना? जेवलात तिथे?"

"हो. बघायला जाणाऱ्यांना जेवण देतात."

"सॅलड होतं?"

"होतं."

"बाटलीतलं ड्रेसिंग?"

"हो, बाटलीतलंच."

सोलांजने रिकामी बाटली ओट्यावर ठेवली आणि हात फडक्याला पुसले, एकेक बोट. "मग सांग. कसं होतं? आणि आता छान म्हणालीस, तर याद राख."

कोरीनने नाक ओढलं. मान ताठ केली, जशी ती दर रविवारी पहिल्या घासानंतर करायची.

"व्हिनेगर जरा जास्तच होतं," ती म्हणाली. शब्द तेच होते, पण आज तिला तो सूर काही लावता आला नाही.