बयूमींचे बायकी बूट

मित्रांनो, मी बुटांचा एक जुना जोड आहे. काळ्या चामड्याचा, उंच टाचेचा, बायकी घाटाचा. पण माझे माप पाहाल तर तोंडात बोट घालाल. अख्ख्या कैरो शहरात माझ्या मापाची बाई शोधून सापडली नसती. मी घडलो तोच मुळी एका धिप्पाड, झुपकेदार मिशांच्या पुरुषासाठी.

बाब अल-लूकच्या एका गल्लीत हागोप नावाचा आर्मेनियन मोची बसत असे. त्याने मला शिवले. माप घेताना त्याला हसू आवरेना.

"उस्ताद बयूमी, खरं सांगा, कुणासाठी आहे हा जोड? एखाद्या उंटिणीचं लग्न ठरलंय का?"

"माझ्यासाठीच आहे. कामाला लागतो."

"मग टाच जरा भक्कम ठोकतो. तुमच्या वजनानं नाईलवरचा पूलसुद्धा कुरकुरेल!"

उस्ताद बयूमींचे काम असे होते की ते लोकांना सांगताना त्यांचीच जीभ अडखळे. ते स्टुडिओत पावलांचे आवाज करत. त्या काळी चित्रीकरण करताना नटनट्यांच्या पावलांचा आवाज नीट पकडता येत नसे. मग नंतर एका बंद खोलीत पडद्यावर मुके चित्र लावत आणि बयूमी त्याच्याकडे बघत बघत जागच्या जागी चालत. खाली संगमरवराची लादी असे, लाकडी फळ्या असत, वाळूने भरलेली परात असे. पुरुषांची पावले ते आपल्या साध्या बुटांनी वाजवत. बायकांची सगळी पावले मात्र माझी! पडद्यावर सुंदर नायिका जिना उतरे आणि इकडे विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेले बयूमी मला घालून ठुमकत. त्या नायिकांच्या तसबिरी घरोघरी लागल्या. माझी कुणी लावली नाही, पण ते जाऊ द्या.

मित्रांनो, मला डोळे नाहीत, तरी माणसाच्या मनातले मला पुष्कळ कळते. बयूमींनीच ते मला शिकवले. प्रेमात पडलेली मुलगी टाच टेकवतच नाही. रागावलेली बायको आधी टाच आपटते आणि दाराशी पोचेपर्यंत तिचा राग निम्मा उतरलेला असतो. वाईट बातमी ऐकलेली बाई चालता चालता मध्येच थांबते, आणि ते थांबणेच लोकांना रडवते. लोकांना वाटते, नटीच्या डोळ्यांनी आपल्याला रडवले. वाटू दे बापडे!

दिग्दर्शक रऊफ बे आमच्यावर खूश असत. चांगले काम झाले की ते बयूमींच्या कपाळाचे चुंबन घेत. त्या दिवशी मला तेलपाणीही मिळे. पण मोहल्ल्यात शिरताना बयूमी मला वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत दडवत. बायको गेल्यावर त्यांनी एकट्याने समीहाला, आपल्या मुलीला, लहानाचे मोठे केले होते. तिलाही त्यांनी कधी खरे सांगितले नाही. "बाबा आवाजाचे इंजिनियर आहेत," असे ती मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगे. आमचे गुपित एकट्या मितवल्ली न्हाव्याला ठाऊक होते, कारण तो नटांना खोट्या दाढ्या चिकटवायला स्टुडिओत येई.

समीहाचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या इसामशी ठरत आले होते. मुलगा सरळ होता, दोघांनी एकमेकांना पसंतही केले होते. फातिहा वाचून सोयरीक पक्की करायचे तेवढे राहिले होते. सरबताची साखर घरात येऊन पडली होती. पण आमच्या मोहल्ल्याची रीत अशी, की सोयरीक जोडण्याआधी न्हाव्याला विचारायचे. मुलाची आई हाज्जा इन्शिराह रीत मोडणाऱ्यांतली नव्हती. ती मितवल्लीच्या दुकानात गेली.

"माणूस सोन्यासारखा आहे, हाज्जा," मितवल्ली म्हणाला. "नमाज चुकवत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त बायकांचे बूट घालतो."

"कामासाठी," असे त्या बिचाऱ्याने पुढे म्हटले होते. पण तोवर हाज्जा दुकानाची पायरी उतरून बयूमींच्या घराकडे निघालीसुद्धा होती. भोळ्या माणसाने अशी दुधात मिठाची गोणी ओतली.

त्या संध्याकाळी मी कपाटाखाली पडलो होतो. हाज्जाने वाकून मला बाहेर ओढले आणि चिमटीत धरून सगळ्यांसमोर नाचवले.

"हे कुणाचे, उस्ताद? घरात बाई नाही, मुलीचा पाय चिमणीएवढा! माझ्या लेकाचा सासरा मिशा पिळणार आणि टाचा टकटकवणार? मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

बयूमींनी सगळे खरे खरे सांगितले. हाज्जाचा विश्वास बसला नाही. समीहाचा बसला, आणि तेच जास्त वाईट झाले.

"इतकी वर्षं मला फसवलंत, बाबा? आता माझ्या लग्नात नवरीकडे कोण बघणार? सगळे तुमच्या पायांकडे बघतील!"

मी बयूमींचे सगळे वजन पेलले आहे. पण त्या वाक्याने ते खुर्चीत बसले तसे जड ते मला कधी वाटले नव्हते. मला फार वाईट वाटले. मग ते म्हणाले, "हाज्जा, उद्या दुपारी स्टुडिओत या. समीहालाही आणा. डोळ्यांनी बघा आणि मग लग्न मोडायचं तर मोडा."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. हाज्जाने येताना कलिंगडाच्या भाजलेल्या बिया आणल्या होत्या. तमाशा बघायचा तर तोंड चालू हवे ना!

त्या वेळी एका प्रसंगावर आमचे काम अडून बसले होते. मुलीची वरात गेली आहे. आई दाराला कडी लावते आणि मोकळ्या घरातून चालत मुलीच्या खोलीपर्यंत जाते. सबंध प्रसंगात ती पाठमोरी आहे आणि एक शब्दही बोलत नाही. बयूमींनी तो दोनदा करून पाहिला होता. रऊफ बेंनी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली होती. "पावलं छान आहेत, बयूमी. पण घर भरलेलं वाटतंय. आत कुणीतरी आहे, असं वाटतंय." वाटणारच! बयूमींच्या स्वतःच्या घरात समीहा होती, आणि संध्याकाळी दार उघडायला तीच येत असे.

आधी चित्र मुकेच चालवले. हाज्जा बिया फोडत बघत होती.

"ही बाई उगाच का फिरतेय घरभर? काही हरवलंय का हिचं?"

मग बयूमींनी विजार दुमडली आणि मला पायात चढवले. हाज्जा ओढणीचे टोक तोंडात कोंबून हसायला लागली. "या अल्लाह! वर मिशा बघा आणि खाली टाच बघा!" समीहाने मान खाली घातली.

दिवे मालवले. पडद्यावरच्या आईने कडी लावली. बयूमींनी अंधारात एकदाच समीहाच्या दिशेने पाहिले आणि ते चालू लागले.

मित्रांनो, मी हजारो नायिकांची पावले टाकली, पण असे वजन माझ्यावर कधी पडले नव्हते. टाच टेके, आणि पुढचे पाऊल उचलायचे की नाही हेच जणू पायाला कळेना. वळण आले. तिथे सवयीने ते भरभर वळले, कुणाला तरी हाक मारायला निघाल्यासारखे, आणि मग आपले आपणच हळू झाले. खोलीच्या दाराशी मी थांबलो. आत जायला कारणच उरले नव्हते.

तेवढ्यात खोलीत मोठा हुंदका फुटला. दिवे लागले. हाज्जा इन्शिराहच्या मांडीवरच्या बिया जमिनीवर सांडल्या होत्या.

आवाज टिपणारा माणूस वैतागला. "रऊफ बे, सगळं बिघडलं! बाई रडल्या मध्येच!"

"तो आवाज पुसलास तर खबरदार!" रऊफ बे उठून उभे राहिले. "नटी पाठमोरी आहे. हुंदका तिचाच वाटेल. राहू दे तो."

हाज्जा डोळे पुसत बयूमींवर खेकसली, "मेल्या, माझ्या डोळ्यांदेखत बूट चढवलेस! आत मिशीवाला आहे हे मला पक्कं ठाऊक. तरी मला माझी आई दिसली रे! माझी वरात गेल्यावर तीही अशीच फिरली असेल, आणि मी तिला कधी विचारलंसुद्धा नाही."

ते घर कोणाचे आणि उद्या त्यात एकटे कोण फिरणार, हे समीहाला कळले होते. ती खाली बसली आणि तिने माझे बंद सोडले.

"पाय किती सुजलेत, बाबा."

"रोजच सुजतात, बाळा. उतरतात सकाळपर्यंत."

"लग्न होईल," हाज्जा म्हणाली. "पण माझी एक अट आहे."

"हे बूट सोडून देऊ?" बयूमींनी हळूच विचारले.

"सोडायला कोण सांगतंय? दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं. एकट्यानं घरात असं फिरत बसायचं नाही, सांगून ठेवते!"

बयूमींचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. दुसऱ्याच दिवशी फातिहा वाचली गेली.

तो चित्रपट लागला तेव्हा सगळे मिळून बघायला गेले. तो प्रसंग येताच थिएटरभर रुमाल निघाले. हाज्जाने शेजारच्या बाईला कोपराने ढोसले. "ते रडणं माझं आहे, बरं का!" ती बाई म्हणाली, "अहो, गप्प बसा, मला रडू द्या!" मग स्वतःचा हुंदका ऐकून हाज्जा पुन्हा रडली.

पुढे तयार आवाजांच्या फिती आल्या. बटण दाबले की हवी तशी पावले वाजू लागली. बयूमी थकले आणि मी स्टुडिओच्या एका पेटीत जाऊन पडलो. माझे चामडे तडकले, एक टाच हलू लागली. कुणी मला हसत हसत पायात घालून बघे आणि फेकून देई. बयूमी अल्लाहच्या घरी गेले तेव्हा समीहाने स्वतः येऊन मला शोधले. आता दर ईदच्या आधी ती मला तेल लावते, तसा माझा तडा जरा बुजतो.

मित्रांनो, चित्रपट बघताना तुमचे डोळे भरून आले तर लाजू नका. पडद्यावरचे सगळे खोटे असते हे खरे आहे, पण कुणीतरी आपले खरे त्यात घातलेले असते. शेवटी नावांची पाटी सरकू लागली की लगेच उठू नका. आणि तुमच्या घरी कुणाची कामाची जुनी वस्तू असेल तर तिला अडगळीत टाकू नका. तिला थोडे तेल लावा, तिच्यावर हात फिरवा.

आमचा चित्रपट अजून अधूनमधून टीव्हीवर लागतो. तो प्रसंग आला की समीहा पडद्याकडे बघतच नाही. ती डोळे मिटून घेते. नातवंडे दंगा करू लागली की ती ओठांवर बोट ठेवते.

"श्श! बाबा चालतायत."