सरांची सही

मुलुंडच्या डॉक्टर देवव्रत सामंतांना पेशंटबद्दल फोनवर विचारायची सोय नव्हती. कागद पाठवा, म्हणायचे. बोलताना माणूस फेकाफेकी करतो, लिहिताना विचार करतो. नाहूरपासून दहिसरपर्यंतचे डॉक्टर कुरकुरत का होईना, पत्र पाठवायचे. मग सर भिंतभर रचलेल्या जुन्या वैद्यकीय पुस्तकांतलं एखादं काढणार, चार पानं वाचणार आणि बायकोला, सुलक्षणाबाईंना, उत्तर सांगणार. बाई टाइप करायच्या, सर सही ठोकायचे. कुणी संग्रहासाठी पुस्तक आणून दिलं, तर त्याच दिवशी आभाराचं पत्रही जायचं. दोघांचा संसार म्हणाल तर हाच.

पण हल्ली सरांचं डोकं दगा द्यायला लागलं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग औषधांची. बाई हादरल्या. बाहेर कळलं की पत्रं बंद होणार, आणि पत्रं बंद झाली की हा माणूस पुस्तकांच्या ढिगात बसल्या जागी वाळून जाणार, या धास्तीनं त्यांना घास गिळवेना. शेवटी त्यांनीच उत्तरं लिहायला घेतली. अहो, आयुष्यभर टाइप करून सरांची भाषा त्यांच्या बोटांत उतरलेली. दुखणं अवघड दिसलं तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवा, असं लिहायच्या. सोपं दिसलं तर सरांचं ठरलेलं वाक्य: घाई नको, औषध तेच ठेवा, पंधरा दिवसांनी कळवा. यात काय बिघडणार? सर पुढ्यात येईल त्या कागदावर सही करत होते.

रविवारी सकाळी डॉक्टर भीमराज आला. सरांचा विद्यार्थी, नाहूरला दवाखाना. हातात एक जाडजूड पुस्तक होतं, हृदयरोगावरचं, चामडी बांधणीचं. सरांना ते कितीतरी वर्षं हवं होतं. सर हरखले, पानं हुंगू लागले. भीमराजच्या डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले.

बहीण गेली होती त्याची, ज्या थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं ती. तिच्यासाठीच त्यानं सरांना पत्र लिहिलं होतं. बाईंना ते पत्र लख्ख आठवलं. ताप उतरत नाही, असं होतं, पुढे डॉक्टरी भाषेत आणखी काहीबाही. ताप म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून त्यांनी ठरलेलं वाक्य टाइप केलं होतं.

"मला तिला भरती करावंसं वाटत होतं," भीमराज म्हणाला. "पण सरांनी घाई नको लिहिलं. म्हणजे करण्यासारखं काही नव्हतंच ना, मॅडम? त्या एका विचारावर मी उभा आहे."

त्यानं आपल्या पत्राची प्रत आणि सरांचं उत्तर पुस्तकातच ठेवलं होतं, आठवण म्हणून. पानं उलटता उलटता सरांच्या हाती ते कागद लागले. बाई पुढे झाल्या, पण सरांनी चष्मा चढवला होता. पत्र वाचलं, उत्तर वाचलं. कितीतरी दिवसांनी त्यांची नजर पूर्वीसारखी धारदार झाली.

"ताप उतरत नाही आणि हृदयात नवा आवाज. झडपेला जंतू लागलेत. त्याच दिवशी भरती करायला हवं होतं, वाचली असती बाई. कुठल्या गाढवानं घाई नको म्हणून लिहिलं?"

भीमराज सरांकडे बघत राहिला. मग खालच्या सहीकडे. मग बाईंकडे. सर थकलेत, हल्ली काहीही बोलतात, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. तेवढं खोटं बाईंच्या जिभेवर आलंही होतं. पण त्या पोराचं बोडकं डोकं बघून त्यांच्याच्यानं ते बोलवेना.

"मी लिहिलं, भीमराज," त्या म्हणाल्या. "ते नुसती सही करतात."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं आपले कागद घेतले, पुस्तक तिथंच राहू दिलं आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला.

सर पुन्हा पुस्तकात बुडाले होते. शिवण तपासत होते, लहान मुलासारखे खूश.

"सुलक्षणा, काय सुरेख प्रत आहे गं," ते म्हणाले. "कोणी आणली? त्याला आभाराचं पत्र टाइप कर. मी सही करतो."