पुढच्या सीटवर गेरलिंडे

मित्रांनो, मी दोघांनी मिळून चालवायची जुनी सायकल आहे. मला सीट दोन, हँडल दोन आणि पायडलं चार. पुढच्याने वळवायचं, ब्रेक दाबायचा. मागच्याने नुसते पाय मारायचे. डॅन्यूब नदीकाठच्या एका कारागिराने मला जोडलं, हिरवा रंग दिला, आणि आलोइसने लग्नाच्या वर्षी मला घरी आणलं.

तीस उन्हाळे आलोइस पुढे आणि त्याची बायको गेरलिंडे मागे, असे आम्ही नदीकाठाने हिंडलो. लोक वळून बघायचे. मग आलोइस वारला. गेरलिंडेने मला कोठारात जर्दाळूच्या रिकाम्या पेट्यांमागे भिंतीला टांगलं. टायरांतली हवा गेली, चेन गंजली. दोन वर्षं मी फटीतून येणारं ऊन सरकताना बघत राहिले.

जुलैतल्या एका सकाळी आलोइसची धाकटी बहीण नोटबुर्गा दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, सायकल काढ. नदीवर जाऊ."

"चालवणार कोण? मी जन्मात पुढचं हँडल धरलेलं नाही."

"माझे डोळे हल्ली दगा देतात. तूच धर."

"दोघी नदीत जाऊ, नोटबुर्गा."

"जाऊ की. उन्हाळाच आहे."

गेरलिंडेने हवा भरली, चेनला तेल दिलं. गावाबाहेर पडेपर्यंत आम्ही दोनदा गवतात गेलो. दोघींचं हसू थांबेना. पुढे रस्ता सपाट झाला आणि मला माझी जुनी चाल सापडली. उजवीकडे नदी होती. तिलाही घाई नव्हती, आम्हालाही. कापलेल्या गवताचा वास येत होता. एक लांबलचक मालबोट आमच्या बरोबरीने तरंगत चालली होती. ती पुढे जातेय की आम्ही, तेच कळेना.

बऱ्याच वेळाने गेरलिंडे हळूच म्हणाली, "तीस वर्षं मी तुझ्या भावाचा कोट बघितला गं. समोर एवढी नदी होती होय!"

"आणि डावीकडे द्राक्षमळे. काय सुंदर दिसतायत!" मागून नोटबुर्गा म्हणाली.

मी मात्र अस्वस्थ होते. थांबून पुन्हा निघताना नोटबुर्गाचा पाय दर वेळी माझं पायडल चाचपत होता.

दुपारी अक्रोडाखालच्या एका खानावळीत त्या जेवायला बसल्या. जर्दाळू घालून उकडलेले, ब्रेडच्या खमंग चुऱ्यात घोळवलेले गोळे समोर आले. नोटबुर्गाचा काटा तीनदा गोळ्याऐवजी ताटाच्या रिकाम्या कडेवर आपटला. गेरलिंडेने आपला काटा खाली ठेवला.

"तुला दिसत नाही."

"दिसतं. नदी चमकते तेवढी."

"आणि सकाळपासून द्राक्षमळ्यांचं कौतुक चाललंय ते?"

"डावीकडे द्राक्षमळेच आहेत, वहिनी. मी जन्मल्यापासून आहेत."

गेरलिंडेला हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले. नोटबुर्गाने बाकीचंही सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात ती व्हिएन्नाला एका वृद्धाश्रमात राहायला जाणार होती. घरात एकटीने निभत नव्हतं. जाण्याआधी एकदा नदी हवी होती, बस.

 गेरलिंडेने काट्यावर एक गोळा घेऊन काटा नणंदेच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर गेरलिंडे थांबून थांबून सांगू लागली. "पांढरा बगळा, एका पायावर. माणूस होडी रंगवतोय, निळी. आता पाणी तांबडं झालंय, ऊन कललं." नोटबुर्गा नुसती "हं" म्हणत होती. दोघींचे पाय एका लयीत पडत होते. मला तर झोप लागेल असं वाटलं.

घर आलं तशी गेरलिंडे म्हणाली, "व्हिएन्नाला कळव, नोटबुर्गा येत नाही म्हणून. माझी मागची खोली रिकामी आहे."

"उपकार नकोत, वहिनी."

"उपकार कसले? ही सायकल मला एकटीला झेपत नाही. मघाच्या चढावर अर्ध्याहून जास्त जोर तुझाच होता."

मित्रांनो, ते खरंच होतं. माझ्या चेनला विचारा. नोटबुर्गाने अंधारात माझं हँडल चाचपलं आणि ते घट्ट धरून ती म्हणाली, "बरं. कळवते व्हिएन्नाला." तुमच्या घरी भिंतीला एखादी सायकल टांगलेली असेल, तर तिला खाली उतरवा. तेल द्या, हवा भरा. आम्हाला गंज चालण्याने चढत नाही, थांबण्याने चढतो.