गच्चीवर गेलेली जाळी

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. दर वेळी मी वेगळं सांगते. कुणाला सांगते की मी पन्हाळ्यावरच्या तोफेच्या लोखंडाची, कुणाला सांगते की लढाईतल्या विमानाची. खरं एवढंच, की मोडक्या लॉरीच्या पट्ट्या कापून शाहूपुरीतल्या एका लोहारानं मला आठ दिवसांत ठोकून काढलं आणि नवव्या दिवशी माझ्यावरच स्वतःचा अंगठा ठेचून घेतला.

मित्रांनो, थापा मारणं हा माझा जुना छंद. अंगाला एवढी भोकं असल्यावर पोटात काही टिकणार कसं? पण आता जे सांगणार आहे त्यात थाप एकच आहे, आणि ती मी मारलेली नाही. ती माझ्याकडून वदवून घेतली.

गणपतरावांच्या तेलाच्या गिरणीत मी कामाला लागले. इंजिनापासून घाण्यापर्यंत चामड्याचा एक लांब पट्टा धावायचा. त्याच्यापुढे उभं राहायचं आणि कुणाच्या धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही, उपरण्याचं टोक आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. एकदा मी वाघ अडवला होता. बरं, मांजर होतं. पण अडवलं.

पट्टा मात्र वरचेवर घसरायचा. घसरला की इंजिन थांबवायचं, माझे चार बोल्ट सोडायचे, पट्ट्याला राळ लावायची आणि मला पुन्हा आवळायचं. शेंगांच्या हंगामात गणपतरावांना एवढा दम कुठला?

"पिराजी, काढ की ती जाळी! निम्मा दिस बोल्ट पिळण्यातच जातोय."

पिराजी म्हणजे गिरणीचा फिटर. तो म्हणाला, "मालक, कायद्यानं लावल्याली हाय ती."

"कायदा काय शेंगा फोडाय येतोय व्हय? काढ म्हणतो न्हवं!"

पिराजीनं पाना घेतला आणि मी निघाले. गिरणीच्या मागेच मालकांचं घर. मालकीण झुंबरबाईंनी मला गच्चीवर दोन विटांवर आडवं टाकलं आणि माझ्यावर सांडगी मिरच्या वाळत घातल्या. वरून ऊन, खालून वारा. शेजारणीला बोलावून त्या म्हणाल्या, "असली वस्तू भावानं भाऊबीजंला सुदिक कधी दिली न्हाई बघ!" काय सांगू मित्रांनो, मी फुगून गेले. पट्ट्यापुढे इतके दिवस उभी होते, तेव्हा कुणी माझं नाव काढलं नव्हतं. आपली जागा सोडली आणि कौतुक सुरू झालं. दोन उन्हाळे मी त्या कौतुकात काढले.

एकोणीसशे त्रेपन्न सालची रंगपंचमी. गावात पिचकाऱ्या चालल्या होत्या, पण गिरणी चालूच होती. दुपारी खालून इंजिनाचा आवाज एकदम बदलला. जणू ते काहीतरी गिळायला बघत होतं आणि गिळवत नव्हतं. मग कुणीतरी ओरडलं. मग इंजिन बंद पडलं.

आकाराम नावाचा गडी होता. घाण्यात शेंगदाणे ओतायचा. त्याच्या उपरण्याचं टोक पट्ट्यात सापडलं होतं.

पिराजी जिना चढून धावत आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं माझ्यावरच्या मिरच्या उधळून दिल्या आणि मला खांद्यावर टाकून खाली नेलं. गणपतरावांनी पट्ट्याशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं, तिथं मला टेकवलं. चारही बोल्ट माझ्यापुढे विखरून टाकले. पोलीस आले, पंच आले. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'मयत आकाराम याने जाळी स्वतःच काढून ठेवली होती.'

हीच ती थाप. एरवी माझं तोंड बंद होत नाही, पण त्या दिवशी मी नुसती भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या उभं राहण्यावरच सगळ्यांनी विश्वास ठेवला.

चौदाव्या दिवशी गणपतरावांनी आकारामची बायको चिमणाबाई हिला बोलावलं. एव्हाना मला पुन्हा पट्ट्यापुढे आवळलं होतं.

"चूक तुझ्या दादल्याची," गणपतराव म्हणाले. "तरीबी मी माणुसकी सोडत न्हाई. हे लुगडं घे, हे दीडशे घे. शेंगा निवडायचं काम देतो. आणि हितं आंगठा कर, की माझं आता काय मागणं न्हाई."

चिमणाबाईच्या घरी दोन लहान मुली आणि आंधळी सासू. तिनं अंगठा केला. शाई पुसायला फडकं कुणी दिलं नाही, तेव्हा पदराला पुसली.

त्या दिवसापासून ती माझ्यासमोरच बसून शेंगा निवडायची. पिराजी मला तेल लावायला यायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. असे किती महिने गेले!

मग महाशिवरात्रीचा दुसरा दिवस आला. गणपतराव शेंगा खरेदी करायला कागलला गेले होते. इंजिन थंड होतं. मंगळवार पेठेतले नृसिंहपंत वकील पेंड न्यायला आले.

"चांगली पेंड दे रे पिराजी. आमची गाय माझ्यापेक्षा जास्त वाद घालते."

पिराजी हसला नाही. म्हणाला, "वकीलसाहेब, मेल्याल्या माणसाच्या घरच्यांनी कागद करून दिला आसंल, तर फुडं काय करता येतं का वो?"

"कोण गेलं?"

पिराजीनं चिमणाबाईकडे पाहिलं. वर्षात पहिल्यांदाच. ती टरफलं झटकत उठली.

"माझं धनी. हितंच गेलं. पर आंगठा दिलाय मी. शुद्धीत दिलाय. आता काय बोलायचं?"

सगळं ऐकून नृसिंहपंत म्हणाले, "बाई, कायद्यानं दिलेला भरपाईचा हक्क असा अंगठ्यानं सोडता येत नाही. तो कागद आणि हे पेंडीचं पोतं यात पोतं जड आहे. भरपाई मालकानं सरकारनं नेमलेल्या कमिशनरसाहेबांकडे भरायची असते. तुमच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरतच नाहीत."

"पर जाळी त्यांनीच काढली आसं लिवलंय की."

"नुसता हात गेला असता तर मालकाला ते बोलता आलं असतं. कामावर माणूसच गेला, तर जाळी कुणी काढली हे तिथं बघत नाहीत."

मित्रांनो, मला केवढा राग आला! वर्षभर मी साक्षीची तयारी करून उभी होते, आणि मला कुणी विचारणारच नव्हतं!

"हे झालं पहिलं दार. दुसरं दार दिवाणी कोर्टाचं," वकील सांगत होते. "तिथं मालकाची चूक शाबीत करावी लागते. कदाचित जास्त मिळेल, पण वर्षं जातील. एका दारानं गेलं की दुसरं बंद. फौजदारी आणि कारखान्यांचे इन्स्पेक्टर ही गोष्ट निराळी, ती कशाच्या आड येत नाही."

"पोरी आज जेवाय मागत्यात," चिमणाबाई म्हणाली. "मला पयलं दार बरं. रंगपंचमीला वरीस हुतंय, अजून तीन आठवडं हाईत. वर्षसराद झालं की येते."

नृसिंहपंत एकदम गंभीर झाले. "तिथी नको बाई, तारीख सांगा. अर्जाला मुदत एका वर्षाची आहे."

"पाच मार्च," पिराजी म्हणाला.

"मधे धोंड्याचा महिना आला होता. तुमचं पंचांगाचं वर्ष लांबलं. कोर्टाचं नाही लांबत. आज चार मार्च."

"म्हंजे?"

"म्हणजे उद्या."

चिमणाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"उशीर माफ करायचा अधिकार साहेबांना आहे," वकील म्हणाले, "पण त्या भरवशावर मी माझी गायसुद्धा बांधणार नाही." त्यांनी कागद मागवला आणि पेंडीच्या पोत्यावरच अर्ज लिहायला घेतला.

"जाळी कुणी काढली ते बी लिवा," चिमणाबाई म्हणाली.

"अर्जाला त्याची गरज नाही."

"कायद्याला नसंल, मला हाय. उद्या माझ्या पोरी शिकतील, कागद वाचतील. त्यात त्यांचा बाप येडा ठरायला नको."

नृसिंहपंतांनी दुसरा कागद ओढला. "मग हा इन्स्पेक्टरसाहेबांना. पण याच्याखाली ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याची सही लागेल."

बाहेर रस्त्यावर लॉरीचा भोंगा वाजला. गणपतराव परत आले होते. फाटक उघडल्याचा आवाज झाला.

पिराजी म्हणाला, "मीच काढल्याली हाय ती. हुकूम मालकाचा, पर पाना माझ्या हातात हुता. त्या दिवशी गच्चीवरनं खाली बी मीच आणली."

चिमणाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ओरडेल, नाहीतर त्याचाच पाना त्याच्या डोक्यात घालेल. बाहेर लॉरी थांबली. गणपतराव हमालांना शिव्या देत उतरत होते.

"सही येती न्हवं तुला?" तिनं विचारलं.

पिराजीनं सही केली. अक्षरं अशी वेडीवाकडी आली, की ती माझ्या विणीसारखी दिसत होती.

"काय वकीलसाहेब," गणपतराव दारातून म्हणाले, "माझ्या गिरणीत कचेरी मांडली काय?"

"पेंड न्यायला आलो होतो," नृसिंहपंत कागद खिशात घालत म्हणाले. "मिळाली."

अर्ज दुसऱ्या दिवशी, पाच मार्चला दाखल झाला. गणपतरावांनी अंगठ्याचा कागद पुढे केला, तो कमिशनरसाहेबांनी बाजूला ठेवला. भरपाई भरावी लागली. मुलींचा हिस्सा त्यांच्या नावानं सुरक्षित राहिला. नंतर इन्स्पेक्टर आले. पिराजी बोलला. झुंबरबाईंना विचारलं, तेव्हा त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "व्हय, माझ्या गच्चीवर हुती. मिरच्या कुणी उधळल्या म्हणून मी त्याच दिवशी भांडले सुदिक." गणपतरावांना दंड झाला. पिराजीची नोकरी गेली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. यंत्रापुढे माझ्यासारखी एखादी ओबडधोबड वस्तू दिसली, तर ती कामाच्या आड येते म्हणून काढू नका. आणि एखाद्या घरचं माणूस असं गेलं आणि कुणी लुगड्याबरोबर कागद घेऊन आलं, तर अंगठा करण्याआधी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

त्यानंतर चिमणाबाई गिरणीत एकदाच आली, खुंटीवरचं आकारामचं पागोटं न्यायला. जाता जाता ती माझ्यापुढे थांबली. माझा एकेक बोल्ट तिनं बोटांनी हलवून पाहिला. चारही पक्के होते.

"तवा न्हवतीस तू," ती म्हणाली. "आता हितनं हलायचं न्हाई."