काकांच्या मनगटावरचा हिरवा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टिकचा पट्टा आहे. हिरवा, आणि कात्रीने कापलेला. कारखान्यात माझ्या अंगावर मजकूर छापला तो मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, आणि घड्याळवाल्या काकांच्या घरात कुणालाच न वाचता येणाऱ्या भाषेत. छापणाऱ्यांना लाज नव्हती.

काकांच्या एका डोळ्यातला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तो जागेवर बसवला आणि तिथेच राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. नर्सने मला काकांच्या मनगटावर बांधलं. बुडबुडा विरेपर्यंत पट्टा काढू नका, म्हणाली, आणि विमानात बसू नका.

"आम्ही कुठले विमानात बसतोय, बाई," काकू हसल्या. काकाही हसले. त्या हसण्यात पुढचं वाक्य बुडालं: घाटही चढू नका, उंचावर वायू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, नजर जाते. मी ऐकलं, पण मला तोंड नाही. नर्सने पुन्हा सांगितलं नाही. पुढचा पेशंट दारात उभा होता.

अठरा दिवस मी इमानाने राहिलो. काका थेंब वेळेवर घालत, मान खाली ठेवत. दर तपासणीला दाब ठीक निघे. शाबासकी काकांना मिळे.

मग डोंगरावर राहणाऱ्या बहिणीने त्यांना बोलावलं. बुडबुडा अजून पुरता विरला नव्हता, तरी निघताना काकूंनी कात्री उचलली. "काढा हे. नणंदबाई म्हणतील, भावाला दवाखान्यातून पळवून आणलंय." मी त्यांच्या पर्समध्ये पडलो, पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी.

बस घाट चढू लागली. चौथ्या वळणावर काकांनी डोळ्यावर तळहात दाबला. सातव्या वळणावर त्यांना उलटी झाली.

"बस लागली तुम्हाला," काकू म्हणाल्या. त्यांनी पर्समध्ये हात घातला. बोटं मला लागली, मला बाजूला सारलं आणि गोळी घेऊन गेली. बस चढतच राहिली.

"अगं," काका हळूच म्हणाले, "या बाजूची खिडकी कुणी लावली का?"

खिडकी सताड उघडी होती.

दवाखान्यात परत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी दाब उतरवला. नजर आली नाही.

मित्रांनो, असा पट्टा कुणाच्या हातावर दिसला तर विचारा, कशासाठी आहे. आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका. हसायचं असेल तर नंतर हसा.

मी आता काकांच्या घड्याळांच्या दुकानात खिळ्याला लटकतो. रोज सकाळी काका चांगला डोळा झाकून माझ्या दिशेला तोंड करतात.

"आहे का गं तो तिथं?"

"आहे," काकू म्हणतात.