पहिला मुक्काम

"एवढ्या खाली तंबू लावायचा, तर मग घरीच झोपा ना!" मी ओरडलो आणि पेन्सिल नकाशावर आपटली.

"टोक मोडलंस," बाबा म्हणाले. "नववी चढवेना तुला, आणि मला डोंगर शिकवतोय."

"हळू बोला दोघं," आई ओट्याजवळून म्हणाली. "खालचे वर येतील भांडायला."

आमचं हे रोजचंच. डोंगरावरचं तळं दाखवीन, असं बाबांनी मी लहान असताना कबूल केलंय. लग्नाआधी ते एकटे जाऊन आलेत, पाठीवर बिऱ्हाड घेऊन. मग गॅरेजात गाड्यांवर स्प्रेने रंग मारण्यात वर्षं गेली, तोंडाला नुसता रुमाल बांधून. सगळा रंग छातीत जाऊन बसला. आता जेवतानासुद्धा मध्येच थांबतात, खोकत राहतात. गेल्या खेपेला डॉक्टर त्यांच्याशी बोललाच नाही, आईला बाजूला घेऊन बोलला. काय ते मला तेव्हाच कळलं.

मुक्काम ठरवायची त्यांची एक रीत आहे. आधी पाणी शोधायचं. तंबू पाण्याला चिकटून नको आणि लांबही नको. पडल्यापडल्या पाणी ऐकू आलं पाहिजे. मग तिथपर्यंतची चाल झेपेल का, ते बघायचं. या झेपण्यानेच सगळी वाट लावली. उन्हाळ्यात पहिला मुक्काम खिंडीपलीकडच्या झऱ्यावर होता. मग खिंडीच्या अलीकडे आला. मग जंगलातल्या ओढ्यावर. आज म्हणे पुलाखाली, जिथे बस सोडते तिथेच! दर वेळी बाबा जुनी खूण खोडरबराने पुसतात आणि कचरा फुंकायला नकाशा माझ्यापुढे सरकवतात.

"बसमधले लोक हसतील आपल्याला!"

"हसू देत. पाणी आहे ना?"

"आणि तळं कधी येणार?"

"येईल की. मुक्काम वाढवू."

"वाढवा! पोचेपर्यंत मी म्हातारा होईन!"

आईच्या हातातलं भांडं घासायचं थांबलं. बाबा उठले, बूट घातले. नाडी बांधायला मीच खाली बसलो.

"सॅक आण. जिन्यात सराव करू."

"अहो, नको ना."

"खाली जाऊन येतो गं."

मी सॅकमध्ये नुसती उशी कोंबली आणि भरल्यासारखी दिसावी म्हणून बाहेरून पट्टे आवळले. त्यांनी ती खांद्यावर घेतली, जरा थांबले, माझ्याकडे बघितलं. पण वजनाबद्दल अक्षर काढलं नाही.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर ते पायरीवर बसले. ओठ निळसर झालेले. भिंतीतल्या पाइपातून कुणाचं तरी पाणी खळखळत गेलं. बाबांनी कान दिला.

"इथेच..." त्यांनी श्वास घेतला. "इथेच टाकू पहिला मुक्काम."

मी भांडायला तोंड उघडलं होतं.

"चालेल," मी म्हणालो. "पाणी ऐकू येतंय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, भांडलो असतो तर बरं झालं असतं.

त्यांना टेकायला खुर्ची न्यायला वर आलोय. आई दारात उभी आहे. पुलाची खूण मी पुसून टाकली, फुंकर मारली. मघाचा खोकला आता खालून ऐकू येत नाहीये. निघतो मी.