दिवा लागला की उठायचं

भिंगरी काठी टेकत कामगार कचेरीचा जिना चढली तेव्हा तिच्यासोबत कुणीसुद्धा नव्हतं. क्लबात नाचायची तेव्हा अशी गिरकी घ्यायची की नावच भिंगरी पडलं, आणि आता बघा, वळायचं म्हटलं तरी आधी भिंत शोधावी लागत होती.

भांडण साधं होतं. क्लबातल्या नाचणाऱ्या बायका क्लबच्या नोकर, की आपापला धंदा करणाऱ्या स्वतंत्र कलाकार? भिंगरी नोकर ठरली तर नाचून निकामी झालेल्या गुडघ्याचं ऑपरेशन क्लबच्या विम्यातून होणार होतं. कलाकार ठरली तर गुडघा तिचा, दुखणंही तिचंच, आणि काठी जन्माची. मॅनेजरने कधीच हात वर केले होते. "तू तुझी मालकीण आहेस गं," तो म्हणाला होता, आणि तेही इतक्या लाडाने, की जणू बढतीच देतोय. मालकीण म्हणे! या मालकिणीला केस कापायचे तरी त्याला विचारावं लागत होतं.

आत गेली तर मॅनेजरच्या शेजारी थोरली बसलेली.

थोरली म्हणजे मेकअपच्या खोलीतली सगळ्यात जुनी बाई. भिंगरी नवीन आली तेव्हा पापण्या चिकटवण्यापासून सगळं तिनेच शिकवलं. दोघी एका खोलीत राहिल्या, एका ताटात जेवल्या. गुडघा सुजायला लागला तेव्हा रोज पट्टी बांधून द्यायची तीही थोरलीच. मग दावा लावायचं ठरलं आणि थोरलीने मुकाट्याने आपली गादी गुंडाळली. "नोकर ठरलो तर मॅनेजर निम्म्या जणींना काढेल, आणि पहिली मला," ती म्हणाली होती. "या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?" तेव्हापासून खोलीत भिंगरी एकटी होती. कधीकधी चुकून दोघींचा चहा टाकायची, आणि दोन्ही कप आपणच प्यायची.

सुनावणी घेणाऱ्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. "गुडघा कायमचा गेला त्या दिवशी तो आधीच सुजलेला होता ना? मग नाचलात कशाला?"

"दिवा लागला म्हणून," भिंगरी म्हणाली.

मग तिने सांगितलं. मेकअपच्या खोलीत आरशावर एक हिरवा दिवा होता. त्याचं बटण मॅनेजरच्या हाताशी. दिवा लागला की जिची पाळी तिने उठायचं आणि पडद्याशी जाऊन उभं राहायचं. घास तोंडात असो, सुई हातात असो, उठायचंच. जी उठली नाही तिला दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवायचे.

"तसं काही नाही हो," मॅनेजर हसला. "ती नुसती सोय. मनात असेल तर उठावं, नसेल तर बसावं. आमचा आग्रह नसतो. विचारा की, ही साक्षीदार इतकी वर्षं आहे."

बाई थोरलीकडे वळल्या. भिंगरीही वळली. थोरलीने तिची नजर चुकवली आणि मांडीवरच्या पर्सची साखळी बोटाला गुंडाळू लागली.

"खरंय," थोरली म्हणाली. आवाज घोटून पाठ केलेला. "आम्ही आमच्या मर्जीच्या मालकिणी. दिव्याचं काय एवढं? लागतो, विझतो. आमचं आम्ही ठरवतो, वाटलं तर..."

मॅनेजर खोटं बोलणार हे भिंगरी धरूनच आली होती. पण आपलं माणूस, ज्याने हा गुडघा हातात घेतलाय, तेच खोटं बोलतंय हे ऐकणं तिला जड गेलं. ताई, निदान माझ्याकडे बघून तरी बोल, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

बाईंचा घसा कोरडा पडला असावा. पाणी मागवायला, शिपायाला हाक म्हणून, त्यांनी टेबलाखालचं बटण दाबलं. दारावर दिवा लागला. हिरवा.

थोरली उठली.

वाक्य अर्धंच राहिलं. पर्स खाली पडली, पाठ ताठ झाली, चेहऱ्यावर ते ठेवणीतलं हसू आलं आणि एक पाऊल दाराकडे पडलंसुद्धा. भिंगरीही उठली होती. काठी घरंगळत टेबलाखाली गेली तरी तिला पत्ता नव्हता. कळ मस्तकात गेली तेव्हा कुठे समजलं की आपण उभ्या आहोत.

मॅनेजरने घाईने हात खाली करून बसायची खूण केली. थोरली लगेच बसली.

बाईंनी उठणंही बघितलं आणि बसणंही. "तुम्हाला वाटलं म्हणून उठलात?" त्यांनी हळूच विचारलं.

थोरलीचे कान लाल झाले. "सवय आहे," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज तिचा स्वतःचा होता.

"पुरे," बाई म्हणाल्या. "सवय मालकिणीला लागत नाही, कामावरच्या माणसाला लागते. निकाल लेखी येईल. ऑपरेशनची तयारी करा." मॅनेजर काहीतरी म्हणायला गेला, पण त्या पुढची फाइल ओढत होत्या.

थोरली पर्स उचलायला वाकली. तशीच आणखी वाकून तिने टेबलाखालची काठी काढली आणि भिंगरीच्या हातात दिली. पट्टी बांधताना बघायची तशी एकदा गुडघ्याकडे बघितलं.

"ताई," भिंगरी म्हणाली.

"चला," दारातून मॅनेजर म्हणाला. थोरली गेली.

भिंगरी खुर्चीत बसली. जिंकली होती ती. गुडघा नीट होणार होता, कदाचित पुन्हा गिरकीही जमणार होती. छाती भरून आली आणि हे कधी एकदा सांगते असं तिला झालं. पण असं काही सांगायला तिला जगात एकच माणूस होतं, आणि ते आत्ताच मॅनेजरच्या मागोमाग जिना उतरून गेलं होतं.